काम जाणे आणि आशा धरणे

१

उतारवयात दीर्घकाळची नोकरी गेलेल्या माणसाला आप्तेष्ट एकच उपदेश करतात : आशा सोडू नये. या उपदेशामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यातील क्रियापद विचार करण्याजोगे आहे. जे हाती धरलेले असते तेच सोडता येते. ज्याच्या हातून काम निसटले आहे त्याने नेमके काय धरून ठेवावयाचे, हे उपदेशात सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न भाषेच्या अंगाने तपासावयाचा आहे. त्यासाठी मुंबई बंदराभोवतीच्या दोन श्रमिक समाजांचा शब्दव्यवहार समोर ठेवला आहे. एक, १९८२ च्या संपानंतर काम गमावलेला गिरणगावातील कामगार. दुसरा, बेलापूरच्या किल्ल्याजवळ, पनवेलच्या खाडीकाठी वसलेल्या दिवाळे या गावातील कोळी. याच अनुभवाला वाङ्मयात कोणते रूप मिळाले हे पाहण्यासाठी 'नटसम्राट' आणि 'अधांतर' या दोन नाटकांचा विचार केला आहे.

कोळ्याचा धंदा ही नोकरी नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. कोळ्याला मालक नसतो, नेमणूकपत्र नसते आणि निवृत्तीचे वयही नसते, हे खरे. परंतु आयुष्यभर केलेले काम वयाच्या पन्नाशीसाठीत, स्वतःचा काही दोष नसता, बंद व्हावे, हा अनुभव दोघांचा एकच आहे. कामगारापाशी निदान काम गेल्याची तारीख सांगणारा कागद असतो. कोळ्यापाशी तोही नसतो. म्हणून कोळ्याचे उदाहरण प्रस्तुत प्रश्नाला बाजूचे न ठरता त्याचे टोकाचे रूप ठरते.

२

काम गेल्याचे सांगताना मराठी भाषक जी वाक्ये वापरतो त्यांची रचना प्रथम पाहू. 'नोकरी गेली', 'काम सुटले', 'गिरणी बंद पडली', 'खात्याला टाळे लागले' ही नित्याची वाक्ये आहेत. या सर्वांत कर्ता अचेतन आहे. नोकरी जाते, काम सुटते, गिरणी पडते, टाळे लागते. ज्याचे काम गेले तो माणूस वाक्यात आलाच तर षष्ठीने येतो : 'त्याची नोकरी गेली'. ज्याने काम घालविले तो तर वाक्यात येतच नाही. 'त्याला कामावरून काढले' या वाक्यात माणूस कर्मस्थानी आहे आणि कर्ता अध्याहृत आहे. 'त्याला घरी बसविले' या प्रयोजक रचनेतही तीच गोष्ट. उजाडले, सांजावले अशा क्रियापदांच्या वाक्यरचनेला मराठी व्याकरणात अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात; तेथे घटना असते, करणारा नसतो. 'गिरणी बंद पडली' हे वाक्य रूपाने कर्तरि असले तरी अर्थाने त्याच जातीचे होऊन बसते. गिरणी बंद पडणे ही दिवस मावळण्यासारखी घटना भासते.

माणूस कर्तृपदी असणाऱ्या दोनच रचना उरतात : 'त्याने काम सोडले' आणि 'तो निवृत्त झाला'. पैकी पहिली प्रस्तुत प्रसंगी असत्य आहे. दुसरी अधिक गुंतागुंतीची आहे. 'निवृत्ती' या शब्दाला मराठीत पारमार्थिक प्रतिष्ठा आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी तत्त्वचिंतनातून आली आणि ज्ञानेश्वरांच्या ज्येष्ठ बंधूंच्या, म्हणजेच त्यांच्या गुरूंच्या, नावाने ती घरोघर पोचली. विषयांपासून मन आपण होऊन मागे फिरणे हा तिचा अर्थ. एका आर्थिक घटनेला हा शब्द लावला की तिच्यावर स्वेच्छेचे आणि तृप्तीचे वलय चढते. त्यावरही कडी करणारा शब्द म्हणजे 'स्वेच्छानिवृत्ती'. ज्या शब्दात इच्छेचा उच्चार सर्वांत ठळक, तोच शब्द इच्छा सर्वांत कमी असलेल्या प्रसंगी योजला जावा, ही प्रशासकीय मराठीतील मोठी विसंगती आहे. गिरणीची चाके थांबल्यावर कामगारापुढे जो कागद ठेवला गेला त्यावर हा शब्द होता. त्याखाली सही करणाराने आपल्या इच्छेने कामापासून मन काढून घेतले, असे तो कागद सांगतो.

३

आता आशावाचक शब्दांकडे वळू. मराठीत यासाठी दोन प्रमुख शब्द आहेत, 'आशा' आणि 'उमेद'. उमेद हा फारसीतून आलेला शब्द मराठीत वयाशी बांधला गेला आहे. 'उमेदीची वर्षे' म्हणजे तारुण्याची वर्षे. ती 'निघून जातात', 'वाया जातात' किंवा 'सार्थकी लागतात'. उतारवयात ती परत येतात असे म्हणण्याची सोय भाषेत नाही. याच शब्दापासून 'उमेदवार' आणि 'उमेदवारी' हे शब्द आले. नोकरीच्या आशेवर काम शिकत राहणारा तो उमेदवार. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेला माणूस पुन्हा अर्ज करतो तेव्हा भाषा त्याला उमेदवार म्हणते आणि त्याच वेळी त्याची उमेदीची वर्षे संपल्याचेही सांगते. भाषेतील हा विरोध केवळ शाब्दिक नाही. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या प्रौढ माणसाला समोरच्या टेबलावरून जी नजर भेटते, तीत तो मूर्त झालेला असतो.

आशा या शब्दाचे वळण वेगळे आहे. 'मला आशा वाटते' या रचनेत माणूस चतुर्थीत आहे. आशा ही त्याच्या ठायी घडणारी भावना आहे. 'त्याला आशा लागली' येथेही तेच. 'आशेला लावणे' व 'आशेवर ठेवणे' या वाक्प्रचारांत तर दोरी दुसऱ्याच्याच हाती असते. 'आशाळभूत' या विशेषणात आशा करणाराविषयी उघड तुच्छता आहे. मात्र 'त्याने आशा धरली' या वाक्यात माणूस कर्तृपदी परत येतो. प्रयोग कर्मणि असला तरी धरणारा तोच आहे. काम गेल्याच्या वाक्यांतून जो हद्दपार झाला होता त्याला आशेच्या या एका वाक्यप्रकारात पुन्हा जागा मिळते. 'धीर धरणे', 'तग धरणे', 'वाट धरणे' हे याच कुळातील प्रयोग होत.

मराठीच्या साक्षीवरून असे म्हणता येते की टिकणारी आशा ही मनात उमटणारी वृत्ती नसून धरण्याची क्रिया आहे. आणि धरण्याच्या क्रियेला आलंबन लागते. आशेची परीक्षा करताना माणूस किती प्रसन्न दिसतो हे पाहणे व्यर्थ होय; त्याच्या हाताशी काय आहे हे पाहावयास हवे. ही कसोटी पुढील उदाहरणांना लावून पाहावयाची आहे.

४

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून बाहेर पडतात ते सन्मानाने; त्यांना कोणी काढलेले नाही. तरीही दीर्घकाळच्या कामाशी असलेला संबंध तुटल्यानंतरच्या वार्धक्याचे एवढे सामर्थ्यशाली चित्र मराठी नाटकात विरळा. या नाटकाची चर्चा बहुधा पितापुत्रांच्या संबंधाच्या अंगाने होते. आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकणारा पिता आणि कृतघ्न अपत्ये हा त्याचा उघड विषय आहेच, आणि शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी त्याचे नाते सांगण्यात आले आहे तेही योग्यच. परंतु वरील कसोटीने पाहता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बेलवलकरांपाशी नाव उरले आहे. 'नटसम्राट' ही पदवी कोणीही काढून घेतलेली नाही. मात्र त्या नावाच्या आधारे कोणाकडे काही मागता येईल अशी व्यवस्था उरलेली नाही. घराबाहेरच्या जगात त्या नावावर देणे लागणारे कोणी नाही, आणि घरात तर त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. मग ते नाव भूमिकांच्या आठवणींत राहू लागते. बेलवलकर जुन्या भूमिकांना धरून राहतात. पण त्या भूमिका त्यांना धरून ठेवीत नाहीत. रस्त्यावर त्यांना जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा राजा. त्याला त्यांच्या पदवीशी कर्तव्य नाही. नाटकातील खरा आधार नावाच्या बाहेरून येतो, हे शिरवाडकरांच्या सहानुभूतीइतकेच त्यांच्या परखडपणाचे द्योतक आहे. केवळ नाव धरून राहणे म्हणजे आशा नव्हे, हा या नाटकाचा निष्कर्ष म्हणता येईल.

जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ सालचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. या वस्तुस्थितीत एक भाषिक विपरीतता आहे. संप 'मिटला' नाही, 'फुटला' असेही सर्वांनी मान्य केले नाही. तो नुसता विरत गेला. ज्याचा शेवट उच्चारला गेला नाही त्याची वाट पाहणे कधी थांबवावयाचे, हे ठरविता येत नाही. 'अधांतर'मधील धुरी कुटुंब याच अनुच्चारित शेवटाच्या छायेत जगते. लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, क्रिकेटात रमलेला दुसरा, गुन्हेगारीकडे ओढला गेलेला तिसरा, आणि या सर्वांना एका खोलीत सांभाळू पाहणारी आई, असा हा संसार आहे. नाटकाचे शीर्षक माणसाचे नाव नाही. ते स्थितीचे नाव आहे. वर काही नाही, खाली काही नाही. 'नटसम्राटा'त नाव उरते आणि व्यवस्था जाते. 'अधांतर'मध्ये पुढच्या पिढीपाशी नावसुद्धा उरलेले नाही. बाप गिरणी कामगार होता असे म्हणता येते. मुलगा कोण, याला शब्द नाही.

पवारांच्या या चित्रणाची सत्यता निर्विवाद आहे. मात्र त्यात एक उणीव दाखविता येईल. ज्याचे काम गेले त्या वयस्क कामगाराच्या पुढील पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब नाटकाच्या कक्षेत येत नाही. तो येणे शक्यही नव्हते, कारण १९९७ साली तो हिशेब अपुरा होता. पुढे जे घडले ते नाट्यमय नव्हते. ते अर्ज, मोर्चे आणि यादी यांच्या रूपाने घडले. गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासात कामगारांच्या घरांसाठी वाटा मागण्यात आला. पात्रतेची जी व्याख्या ठरली तीत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेला कामगार, अथवा त्याचा वारस, असा उल्लेख आला. त्यासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या जूनमध्ये ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघाली. संपाच्या वेळी पंचेचाळीस वर्षांचा असलेला कामगार तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा झाला होता. अनेकांच्या बाबतीत अर्जावर वारसाची सही होती.

अर्ज आणि घरे यांच्या संख्येतील अंतर पाहता यास विजय म्हणणे धाडसाचे होईल. तथापि भाषेच्या दृष्टीने येथे काही महत्त्वाचे घडलेले आहे. तीस वर्षे गिरणी नसताना 'गिरणी कामगार' हे नाम टिकून राहिले. ज्या समासाचे पूर्वपद वास्तवात नष्ट झाले तो समास लोकांनी सोडला नाही. तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विम्याचे कार्ड, पगाराची पावती हे कागद पत्र्याच्या पेटीत जपले गेले, कारण त्यांच्या आधारे मागणे करता येत होते. बेलवलकरांच्या नावापाशी जे नव्हते ते या नावापाशी होते : दावा. आशा धरण्याचे आलंबन कसे असते याचे हे उदाहरण होय.

५

आता दिवाळ्याकडे वळू. ज्या वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आले त्याच वर्षी, मार्च १९७० मध्ये, शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. योजनेचा पाया सातबाराचा उतारा होता. कोळ्याची शेती पाण्यात. पाण्याला सातबारा नसतो. भराव, कारखान्यांचे व शहराचे सांडपाणी, गाळ, पूल आणि बंदर यांमुळे खाडीतील मासळी घटत गेली तेव्हा कोळ्याचे काय गेले, हे नोंदविण्याची जागा कोणत्याच दप्तरात नव्हती. या प्रदेशातील लढ्याने घडविलेला 'भूमिपुत्र' हा अभिमानाचा शब्दही त्याला पुरता बसत नाही. त्याच्यासाठी 'प्रकल्पग्रस्त' आणि 'बाधित' हे शब्द उरले.

या दोन्ही शब्दांची घडण पाहण्याजोगी आहे. दोन्ही क्तप्रत्ययान्त रूपे. दोन्हींत माणूस क्रियेचा विषय. 'ग्रस्' म्हणजे गिळणे; ग्रहणाच्या परिभाषेत 'खग्रास' हा शब्द येतो तो याच धातूवरून. परंतु पंचांगात ग्रहणाच्या स्पर्शाबरोबर मोक्षाचीही वेळ छापलेली असते. 'प्रकल्पग्रस्त' या शब्दात मोक्षाची वेळ नाही. शिवाय त्यात माणसाचे काम काय होते याचाही निर्देश नाही. शेतकरी, कोळी, मिठागरावरचा मजूर, सारे एकाच विशेषणात विरघळतात. 'गिरणी कामगार' या शब्दाने जे राखले ते 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाने पुसले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

याउलट कोळ्यांच्या स्वतःच्या शब्दसंपत्तीत काम थांबण्याचीही शास्त्रशुद्ध व्यवस्था आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या भरतीचे 'उधाण' येते. अष्टमीच्या सुमारास भरतीओहोटी मंदावते तो 'भांग'. डोल हे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते, म्हणून भांगाच्या दिवसांत त्याला काम कमी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जातात. काम जाणे आणि परत येणे हे या भाषेत चंद्राच्या गतीशी जोडलेले आहे. म्हणून कोळ्याला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. त्याच्या शब्दांतच ते आहे.

परंतु येथेच मोठा धोका आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून कोळीवाड्याच्या धीराचे नुसते कौतुक करणे हे समीक्षेचे काम नव्हे. भांग ओसरतो, भराव ओसरत नाही. खाडीतील मासळीच्या दुर्भिक्षाला भांग समजून बसणारा माणूस आशा धरीत नाही, तर आशेवर राहतो. संप कधीतरी सुटेल म्हणून भोंग्याकडे कान लावून बसलेल्या कामगाराची आणि पाणी पुन्हा निवळेल म्हणून बसलेल्या कोळ्याची आशा एकाच जातीची आहे. गेलेले तसेच परत येईल, ही ती आशा. तिला आवर्तनाची आशा म्हणता येईल. जेथे आवर्तन तुटले आहे तेथे ती माणसाची उरलेली वर्षे खाऊन टाकते.

दुसऱ्या जातीची आशा दाव्याची. तिचेही पुरावे या खाडीपरिसरात आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल परिसरातील चार कोळीवाड्यांच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश दिवाळ्याविषयी नव्हता. परंतु पाण्यावरील उपजीविकेची हानी आकड्यात मांडता येते हे त्याने दाखविले. ऑगस्ट २०२१ मध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा पूर्वापार रूढीने चालत आलेला हक्क भरपाईस पात्र मानला. रूढी सिद्ध करावयाची तर साक्ष लागते, आणि सातबारा नसलेल्या ठिकाणी भाषा ही महत्त्वाची साक्ष ठरू शकते. डोल लावण्यासाठी समुद्रात रोवलेल्या खांबांच्या जागेला वसई-पालघरकडील मच्छीमार 'कव' म्हणतात, आणि कवींवरून त्यांच्यात वादही होतात. ज्या वस्तूवरून वाद होतात ती वस्तू कोणाची तरी असते, हे निराळे सांगावयास नको. पाण्यातील जागेला नाव आहे, त्या नावाला वहिवाट आहे आणि वहिवाटीला पिढ्या आहेत. महसुली दप्तराला जे दिसत नाही ते भाषेत नोंदलेले असते.

६

यावरून काही निष्कर्ष निघतात. उतारवयात काम गेलेल्या माणसाची आशा त्याच्या स्वभावावर सोपवून मोकळे होणे हे अन्यायाचे आहे. आशा धरण्यासाठी त्याला प्रथम वाक्यात कर्ता म्हणून परत यावे लागते. त्यासाठी त्याच्या कामाचे नाव राहिले पाहिजे आणि त्या नावावर काही मागता आले पाहिजे. यांपैकी एकच असून भागत नाही. नाव राहून मागणे नसले तर बेलवलकर होतो. दोन्ही नसली तर धुरी कुटुंबाचे अधांतर वाट्याला येते. मागणे असून कामाचे नाव गेले तर माणूस 'बाधित' म्हणून यादीत उरतो. त्याला भरपाई मिळेल, परंतु तो कोण होता हे पैसे देणाराला माहीत नसते आणि कालांतराने त्याच्या नातवालाही राहत नाही. उतारवयात ही दुसरी हानी पहिलीपेक्षा लहान समजू नये. वीस वर्षांच्या तरुणाला नवे नाव मिळू शकते. साठीच्या माणसापाशी उरलेल्या वर्षांसाठी जुनेच नाव असते.

भाषाभ्यासकाचे काम येथे सुरू होते. साचेखाते, बदली, खाडा, तिकीट हे गिरणीचे शब्द आणि डोल, भांग, उधाण, कव हे दर्याचे शब्द आजवर बहुधा बोलींच्या नमुन्यांत किंवा वाङ्मयातील स्थानिक रंगाच्या चर्चेत जागा मिळवीत आले. त्यांचा संग्रह करताना प्रत्येक शब्दाबरोबर तो कोणत्या जागी, कोणत्या कामाच्या संदर्भात व किती पिढ्या वापरात होता याची नोंद झाली, तर तोच संग्रह उपजीविकेच्या इतिहासाचा दस्तऐवज होईल. दिवाळ्यासारख्या गावात हे शब्द जाणणारी माणसे वयस्क आहेत. त्यांना आशावादी राहण्याचा उपदेश करण्यासाठी विद्यापीठाने तेथे जाण्याची गरज नाही. त्यांच्यापाशी असलेले शब्द त्यांच्या नावानिशी लिहून घेण्यासाठी मात्र जावयास हवे. आणि ते लवकर जावयास हवे.